जलोडीची उतरण

डोंगरातील वाट किती उभी आहे हे गुडघ्यांना कळते, श्वासाला कळते, वरून सुटलेल्या दगडाला तर तत्क्षणी कळते. कळत नाही ते एकट्या कॅमेऱ्याला. ज्या उतरणीवर उभे राहताना डाव्या हाताने झाडाची मुळी घट्ट धरून ठेवावी लागली होती, त्याच उतरणीचे मी घेतलेले पहिले छायाचित्र संध्याकाळी पडद्यावर पाहिले, तेव्हा ती एखाद्या शहरी उद्यानातील पायवाट वाटावी इतकी सपाट उमटली होती. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस ‘एम.टी.बी. हिमालय’ या पर्वतीय सायकलस्पर्धेची छायाचित्रे घेण्यासाठी मी हिमाचल प्रदेशात गेलो होतो. त्या आठवड्यात जे काही शिकलो ते बहुतांशी या एकाच अडचणीतून शिकलो, म्हणून तिच्यापासूनच प्रारंभ करणे वाजवी होईल.

शिमल्यातील ‘हस्तपा’ या संस्थेने २००५ साली ही स्पर्धा सुरू केली. सलग अनेक दिवस, रोज एक मजल याप्रमाणे, स्पर्धक डोंगर चढतात आणि उतरतात, रात्री तंबूंत मुक्काम करतात, आणि सर्व मजलांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी भरेल तो अखेरीस विजयी ठरतो. मार्ग प्रतिवर्षी थोडाफार बदलतो. परंतु आतला सिराज आणि बाहेरचा सिराज या दोन मुलखांच्या मधली जलोडीची खिंड त्यात अनेकदा आलेली आहे. कुलूकडची माणसे खिंडीला ‘जोत’ म्हणतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटर, म्हणजे आपल्या १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरचे हे जोत. माथ्यावर कालीचे लहानसे मंदिर, चहाची चार-दोन दुकाने, आणि हिवाळ्यात बर्फाने बंद होणारा मोटररस्ता. मोटारी येण्यापूर्वी शिमल्याहून नारकंडा, लुहरी, आनी असा कुलूला जाणारा खेचरांचा मार्ग याच जोतावरून जात असे. मोटररस्त्याने मोठमोठी वळणे घेऊन जो उतार टाळला, त्याला ती जुनी वाट सरळ सामोरी जाते, आणि स्पर्धेच्या आखणीकारांना हवी होती ती हीच वाट.

छायाचित्रकाराचे निम्मे काम स्पर्धेच्या आदल्या दिवशी, आणि तेही कॅमेरा पिशवीत बंद असताना, व्हायचे असते. त्या दिवशी मी माथ्यापासून शोजा गावापर्यंतची वाट पायी उतरलो. बरोबर शोजाचाच एक तरुण मार्शल होता. झाडांना रंगीत फिती बांधून मार्ग दाखवून देण्याचे काम त्याच्याकडे होते, आणि प्रत्येक फीत बांधल्यावर तो चार पावले मागे जाऊन, सायकलवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर वाकून, ती दिसते की नाही याची खात्री करून घेई. खरसूची जुनी झाडे, त्यांच्या बुंध्यांवर हातभर शेवाळ, खाली कुजून काळ्या पडलेल्या पानांचा थर, आणि त्या थराखाली काय आहे याचा पायाखेरीज कोणालाही थांग नाही. एका जागी आम्ही दोघेही थांबलो. वाटेवर आडवी पडलेली एक मुळी, तिच्याखाली वीतभर पायरी, पायरीखाली डाव्या अंगाने कललेली एक रुंद शिळा, आणि तिच्यावर पिढ्यानुपिढ्यांच्या खुरांनी झिजून पडलेले, वाटीएवढे सहा खळगे. डोंगराच्या अंगाने पाणी पाझरून त्यांतल्या दोहोंत साचले होते. शिळा संपते न संपते तोच वाट उजवीकडे काटकोनात वळत होती. तो तरुण म्हणाला, “इथे खेचराच्या पाठीवरचे ओझे आधी उतरवून घ्यावे लागते, मगच ते खाली उतरते.” खरसूच्या मोठ्या झाडापासून शिळेपर्यंतची पावले मी मोजली, ती अकरा भरली.

अशी जागा सापडली की छायाचित्रकाराच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की येथे माणसे पडतील. हा विचार माझ्या मनात आला नाही असे मी म्हणणार नाही. पडणाऱ्या स्पर्धकाचे चित्र वृत्तपत्रांना हवे असते, पाहणाराही त्यावर क्षणभर अधिक रेंगाळतो, आणि म्हणून अवघड वळणाच्या आतल्या बाजूला कॅमेरा रोखून बसण्याची या खेळात जुनी परंपरा आहे.

परंपरा म्हणण्याइतके या खेळाचे वय आता झाले आहे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी चार दशकांपूर्वीच्या जाड टायरांच्या जुन्या श्विन सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्याने खाली उतरण्याची शर्यत लावली. वणवा विझवणाऱ्यांच्या गाड्यांसाठी केलेला, दोन मैलांच्या आसपास अंतरात तेराशे फूट खाली येणारा तो रस्ता. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे, पेडल उलटे दाबले की लागणारा. आणि त्या एका उतरणीत तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होऊन निघून जाई व नवे भरल्यावाचून सायकल कामाची राहत नसे. या पुन्हा भरण्यावरून शर्यतीला ‘रीपॅक’ हे नाव पडले. पहिल्या शर्यतीत ॲलन बाँड्झ जिंकला, कारण न पडता खाली पोचलेला तो एकटाच होता. पुढे गॅरी फिशरने ४ मिनिटे २२ सेकंदांत तो उतार उतरून दाखवला आणि जो ब्रीझ त्याच्यामागे केवळ दोन सेकंदांनी राहिला. वेळांची नोंद चार्ली केली आपल्या वहीत करीत असे. ब्रीझने १९७७ साली अशा वाटांसाठीच मुद्दाम सायकल बांधली, १९९० साली कोलोरॅडोतील डुरँगो येथे जागतिक अजिंक्यपदाची पहिली अधिकृत स्पर्धा झाली, आणि १९९६ साली अटलांटा येथे ऑलिंपिकने या खेळाला आपल्या पंक्तीत बसवले.

या इतिहासातील दोनच गोष्टी मला येथे महत्त्वाच्या वाटतात. ‘रीपॅक’च्या रस्त्यावरील एका अवघड वळणाला ‘कॅमेरा कॉर्नर’ असे नाव पडले, कारण छायाचित्रे घेणारे तेथे जमत आणि उतरणारे तेथे पडत. दुसरी गोष्ट अशी, की त्या सर्व काळाचा चित्ररूप दस्तऐवज आज जो उपलब्ध आहे तो मुख्यत्वे वेंडी क्रॅग या एका बाईंमुळे. त्या प्रेक्षक म्हणून काठावर उभ्या नव्हत्या; तसलीच अवजड सायकल घेऊन त्या स्वतः तो डोंगर चढत आणि उतरत, आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर असे. त्यामुळे त्यांच्या छायाचित्रांत शर्यतीइतकीच चढणही आहे: सायकली ढकलीत वर निघालेली माणसे, माथ्यावर जमलेले मित्र, विश्रांती, धूळ. ज्याने ती वाट स्वतःच्या पायांनी अनुभवली आहे त्यालाच तिच्यावरचा माणूस नीट दिसतो, हे त्यांच्या चित्रांनी मला फार पूर्वी शिकवले होते, आणि जलोडीवर त्या शिकवणीची मला आठवण झाली. शिळेच्या वळणाची आतली बाजू सोडून, मी शिळेच्या वर, मुळीच्या पातळीपासून थोडा खाली, वाटेच्या कडेला उभे राहण्याचे ठरवले. तेथून पडणे अर्धवटच दिसले असते. दिसला असता तो उतारात शिरणारा माणूस.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेचारला शोजातून निघालो आणि दीड तासाने जागेवर पोचलो. थंडीत बॅटरीचा जोर लवकर ओसरतो, म्हणून दोन जादा बॅटऱ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात, अंगाशी ठेवल्या होत्या. पहिला स्पर्धक येण्यास अजून तीन तास होते, आणि जंगलातील त्या तीन तासांत मन ज्या अनेक ठिकाणी जाऊन आले त्यांत सॅम्युएल बोर्नही होता. इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या एका बँकेतील कारकुनी सोडून १८६३ साली तो हिंदुस्थानात आला, शिमल्यास त्याने छायाचित्रांचे दुकान मांडले, आणि त्याच वर्षी तीसएक हमालांच्या पाठीवर तंबू, काचा आणि रसायने लादून तो सतलजच्या खोऱ्यात शिरला. त्या काळी काचेवर कोलोडियनचा लेप देऊन, ती रुपेरी क्षारात बुडवून, ओली असतानाच तिच्यावर चित्र घ्यावे लागे आणि ती वाळण्यापूर्वीच तंबूतल्या अंधारात ते प्रकट करावे लागे. १८६६ साली मनिरंगच्या खिंडीत, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, त्याने हा सारा खटाटोप करून चित्रे घेतली. त्याच्या काचेला काही सेकंद प्रकाश लागे; हलणारी वस्तू तिच्यावर धुक्यासारखी उमटे किंवा उमटतच नसे. म्हणून त्याच्या हिमालयात डोंगर, देवदार, पूल आणि शिखरे अप्रतिम आहेत, परंतु वाटेवरून चालणारा माणूस त्याला हवा असेल तर त्याला आधी थांबवावा लागत असे. मजजवळ थांबवण्याची गरज नसलेले यंत्र होते. अडचण निराळ्याच बाजूने आली.

ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार एका सेकंदात दहा मीटर जातो. कॅमेऱ्याचे शटर १/१००० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्या वेळात तो एक सेंटिमीटर सरकतो, आणि १/६० सेकंद उघडे राहिले तर सुमारे सतरा सेंटिमीटर. पहिल्या प्रकारात तो रोखला जातो, इतका की चाकाचे आरे मोजावेत. वेग त्यातून पार नाहीसा होतो. दुसऱ्या प्रकारात कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवीत नेला, ज्याला आम्ही पॅनिंग म्हणतो, तर माणूस स्पष्ट राहतो आणि मागचे जंगल रेघारेघांचे होऊन वेग दिसू लागतो. मैदानातील शर्यतीला ही युक्ती उत्तम. डोंगरात मात्र तीच घात करते, कारण उताराची साक्ष देणारी जी एकमेव वस्तू चौकटीत असते तीच, म्हणजे सरळ उभी झाडे, तिने पुसली जातात. झाड हा डोंगराचा ओळंबा आहे. उतार कितीही वाकडा असो, खरसूचा जुना बुंधा आकाशाकडेच जातो, आणि त्या बुंध्याशी वाट जो कोन करते तेवढाच उतार पाहणाऱ्याच्या डोळ्याला कळतो. गवंडी भिंतीशी जे करतो तेच येथे करायचे असते.

कॅमेराच तिरपा धरून उतार वाढवण्याची एक सोपी रीत आहे आणि ती पुष्कळ वापरली जाते. ती मला मान्य नाही. तसे केले की झाडेही तिरपी होतात, आणि जाणकार पाहणारा त्या झाडांवरून लबाडी तत्काळ ओळखतो. परंतु तो न ओळखता तरी, जेथे माणसाने आपल्या जिवाच्या भरवशावर खरा उतार उतरला आहे, तेथे त्याच्या पदरात खोटा उतार घालणे हा त्याचा अवमान होय. म्हणून कॅमेरा समपातळीत ठेवावा, झाडे उभी राहू द्यावीत, पॅनिंगचा मोह सोडावा आणि अंधाऱ्या जंगलात मिळेल तेवढ्या प्रकाशात १/२५० च्या आसपास काम भागवावे, असा माझा निर्णय झाला. शिळेजवळ स्पर्धकांचा वेग धावणाऱ्या माणसाहून अधिक असणार नव्हता. एवढ्या शटरला चेहरा स्थिर राहिला असता आणि दगडावर आपटणारे पुढचे चाक किंचित थरथरलेले उमटले असते. फ्लॅश मी बरोबर नेलाच नव्हता. ज्याला पुढच्या क्षणी ओल्या शिळेवर चाक टाकायचे आहे त्याच्या डोळ्यांवर प्रकाश फेकणे मला योग्य वाटत नाही.

स्पर्धक दिसण्यापूर्वी ऐकू येतो. प्रथम मार्शलची शिट्टी, मग मोकळ्या फिरणाऱ्या मागच्या चाकाची, रातकिड्यांच्या एका थव्यासारखी, अखंड किरकिर. ती एकाएकी थांबते आणि ब्रेकचा चीत्कार येतो, म्हणजे वरच्या वळणावर तो पोचला. तेथून मुळीपर्यंत सहा सेकंद. पहिले चारजण त्या सहा सेकंदांत असे गेले की त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही उरले नाही. पाणी उतारावरून जाते तसे ते गेले. लष्करातील एक स्पर्धक मात्र आठवतो. पेडलांवर उभा, दोन्ही पावले समपातळीत, कंबर बैठकीच्याही मागे झुकलेली, आणि दृष्टी शिळेवर नव्हे तर शिळेपलीकडच्या वळणावर. डोळे नेहमी असे तीन-चार सायकलींइतके पुढे असतात. शरीर ज्या दगडावर आहे तो दगड डोळ्यांनी केव्हाच मागे टाकलेला असतो. हे ध्यानात आल्यावर मी फोकस चाकावर धरणे सोडून दिले आणि डोळ्यांवर धरू लागलो. ज्याची नजर खाली चाकाकडे आली तो अडखळणार, हे पुढे मला त्याच्याआधी कळू लागले, आणि ते कळणे सुखाचे नव्हते.

साडेनऊच्या सुमारास वाटेने खालून वर एक वृद्ध बाई आल्या. पाठीवर किल्टा, म्हणजे त्या मुलखातील निमुळती बांबूची टोपली, हिवाळ्यासाठी कापलेल्या गवताने डोक्याच्याही वर भरलेली. अंगावर करड्या रंगाचा पट्टू, डोक्याला रुमाल. मार्शल त्यांना थांबा म्हणाला. त्या थांबल्या, परंतु ज्या रीतीने थांबल्या तीवरून ही वाट कोणाची हे सांगण्याची गरज उरली नाही. आपल्या जुन्या दफ्तरांत ‘वहिवाट’ असा शब्द येतो: नकाशावर असो वा नसो, पायांनी वर्षानुवर्षे तुडवून जो हक्क सिद्ध होतो तो. त्या बाईंची त्या वाटेवर वहिवाट होती. आम्ही, सायकली, फिती आणि शिट्ट्या, एका दिवसाचे पाहुणे होतो. खुद्द मरिनमध्येच पुढे पायी फिरणारे आणि सायकलस्वार यांच्यात वाटांवरून तंटे उभे राहिले आणि कित्येक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, हे येथे मुद्दाम नमूद करतो, कारण आपल्या सह्याद्रीतील घाटवाटांवरही आता जाड टायरांच्या सायकली फिरू लागल्या आहेत आणि त्या वाटांनाही आपापल्या वहिवाटदारांची पावले ठाऊक आहेत.

बाईंनी किल्टा खरसूच्या बुंध्याला टेकवला आणि त्या त्याच्याशेजारी ताठ उभ्या राहिल्या. माझ्याकडे पाहून त्यांनी हिंदीत विचारले, “बेटा, ही मुले कुठून आली?”

“शिमल्याहून निघाली आहेत, माताजी. त्याआधी कोणी कुठून, कोणी कुठून.”

त्यांनी वरच्या वळणाकडे पाहिले, मग शिळेकडे पाहिले. “यांच्या आयांना ही वाट ठाऊक आहे का?”

मी म्हणालो, बहुधा नसेल. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

इतक्यात शिट्टी झाली. आलेला मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. सायकल जुनी, पुढच्या चाकाला पुरेसा झोका नसलेली, अंगावरचा क्रमांक घामाने चुरगळलेला. मुळीच्या पायरीवर तो आला त्या क्षणी मी बटण दाबले, आणि यंत्राच्या मागच्या लहान पडद्यावर पाहण्याआधीच मला कळून चुकले होते की दोन दिवस जे साधत नव्हते ते साधले आहे. डाव्या बाजूस खरसूचा उभा बुंधा, त्याच्याशेजारी तितक्याच उभ्या त्या बाई, त्यांच्या पायांपासून चौकटीला कर्णासारखी छेदत खाली जाणारी वाट, आणि वाटेच्या मध्यावर, त्या दोन ओळंब्यांच्या मानाने पुरा पुढे कललेला मुलगा. उतार प्रथमच दिसत होता. तो झाडाने दाखवला होता, आणि झाडाहून अधिक त्या बाईंनी; कारण झाड उभे असते यात विशेष काही नाही, परंतु अशा उतारावर पाठीशी ओझे टेकवून माणूस इतके स्वस्थ उभे राहू शकते, हे पाहिल्यावर त्या मुलाच्या खांद्यांतील ताण शब्दावाचून वाचता येतो.

पुढचे चित्र मी घेतले नाही. शिळेवर त्याचे पुढचे चाक खळग्यात बसले आणि तो उजव्या खांद्यावर पडला. कॅमेरा पानांवर ठेवून मी खाली उतरलो. वरून पुढचा स्पर्धक येण्यास फार तर मिनिटभर होते आणि सायकल वाटेच्या बरोबर मध्ये आडवी पडली होती. मार्शलने वर शिट्ट्यांनी इशारा दिला, मी सायकल ओढून बाजूस घेतली, आणि वळून पाहतो तो बाई माझ्याआधी मुलाजवळ पोचून त्याला बखोटीला धरून बसवीत होत्या. गुडघा सोलवटला होता, कोपरातून रक्त येत होते, हाड मोडलेले नव्हते. त्याने पाणी प्यायले, चाक उचलून फिरवून पाहिले, ब्रेकची तार चाचपली, आणि आमच्यापैकी कोणालाही काही न बोलता, फक्त मान लववून, तो वळणापलीकडे निघून गेला. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने ते पडणे टिपले असते आणि कदाचित त्याबद्दल पारितोषिकही मिळवले असते. मला त्याचा हेवा वाटत नाही.

संध्याकाळी तळावर स्पर्धकांचे हात पाहिले. शर्यतीची जी चित्रे लोकांना दाखवली जातात त्यांत हे हात क्वचितच येतात. तासन्तास ब्रेक आवळून धरल्यामुळे बोटे आकड्यासारखी वळलेली राहतात आणि ती सरळ करावी म्हटले तरी होत नाहीत. एक स्पर्धक पाण्याच्या बाटलीचे झाकण दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून फिरवण्याचा प्रयत्न करीत होता. शेजाऱ्याने दातांनी ते उघडून दिले, कारण त्याचीही बोटे तशीच होती. त्यांना विचारून मी त्या चार हातांचे छायाचित्र घेतले. तळहाताच्या कडेला मुठीच्या रबराची नक्षी जशीच्या तशी उमटलेली होती, आणि तंबूतल्या दिव्याच्या उजेडात ती आतापर्यंत घेतलेल्या कोणत्याही दगडाहून अधिक स्पष्ट दिसत होती.

परत आल्यावर एका नियतकालिकाने खरसूच्या झाडाजवळचे ते छायाचित्र मागवून घेतले आणि छापले. अंक हाती आला तेव्हा पाहिले, तर चौकटीचा डावा तृतीयांश कापलेला होता. बाई गेल्या होत्या, बुंधा गेला होता; राहिला होता तो एक मुलगा आणि पुढे पसरलेली वाट, आणि ती वाट पुन्हा एखाद्या उद्यानातील पायवाटेसारखी सपाट झाली होती. मी पत्राने कळवले. उत्तर सौजन्याचे आले, की विषय स्पर्धा हा असल्यामुळे स्पर्धकाव्यतिरिक्तचा मजकूर कमी करणे त्यांना इष्ट वाटले. त्यांच्या सद्हेतूविषयी मला शंका नाही. परंतु हा निर्णय चुकीचा होता हे मी येथे स्पष्ट लिहून ठेवतो. त्या बाई अतिरिक्त मजकूर नव्हत्या. त्यांच्यावाचून ती वाट, आणि वाटेवाचून तो मुलगा, समजत नाही. आज हा खेळ टिपणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे, की कॅमेरा उघडण्यापूर्वी आदल्या दिवशी ती वाट एकदा पायी उतरून पाहा, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरून कोणी ओझे घेऊन आले तर त्यांना चौकटीबाहेर जाण्यास सांगू नका.

पूर्ण छायाचित्राच्या दोन मोठ्या प्रती मी काढून घेतल्या. एक माझ्याजवळ आहे. दुसरी, त्या बाईंचे नाव विचारण्याचे मला सुचले नव्हते म्हणून, शोजातील ज्या घरी माझा मुक्काम होता तेथल्या पत्त्यावर, चित्रातील व्यक्तीस पोचवावी अशा चिठ्ठीसह, पोस्टाने पाठवली. डिसेंबरात जोत बंद होण्यापूर्वी पोच आली. घरमालकांच्या शाळकरी मुलीने ते कार्ड हिंदीत, सुबक अक्षरात लिहिले होते: चित्र पोचले, आजींना दिले, आणि आजी विचारतात की तो मुलगा घरी नीट पोचला का. आयोजकांनी प्रसिद्ध केलेल्या निकालाच्या यादीत मी त्याचा क्रमांक शोधला. त्या मजलीत तो एकतिसावा आला होता, आणि पुढच्या सर्व मजला त्याने पुऱ्या केल्या होत्या. तेवढे मी उलट टपाली कळवले.